कॉलेज हूप्स २के८ की एनसीएए बास्केटबॉल १०?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या जुन्या व्हिडिओ गेममधून एकच निवडायचा, तर माझं मत २के८ ला.

ईए या गेम कंपनीची मालिका 'मार्च मॅडनेस ९८'पासूनची. 2009 चा 'एनसीएए बास्केटबॉल १०' हा तिचा शेवटचा भाग. मुखपृष्ठावर बास्केटबॉलपटू ब्लेक ग्रिफिन. सामना सीबीएस किंवा ईएसपीएन या टीव्ही वाहिन्यांच्या थाटात दिसतो आणि समालोचक गस जॉन्सनचा आवाज चढला की अंगावर काटा येतो! सादरीकरणात याला तोड नाही.

२के८ आला 2007 मध्ये, तोही आपल्या मालिकेतला शेवटचाच. पण त्याचा 'लेगसी' मोड! एखाद्या छोट्या कॉलेजचं प्रशिक्षकपद घ्यायचं, शाळकरी खेळाडू हेरायचे, त्यांना गळाला लावायचं आणि संघ हळूहळू मोठा करायचा. यात रात्र कशी सरते कळत नाही. चाहते अजूनही नव्या हंगामांचे संघ तयार करून त्यात घालतात.

ईएच्या मालिकेला आणखी एक बाजू आहे. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा माजी खेळाडू एड ओबॅनन याला गेममध्ये आपलाच हुबेहूब खेळाडू दिसला, नाव तेवढं नव्हतं. मोबदला शून्य. 2009 मध्ये त्याने एनसीएएला, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेला, कोर्टात खेचलं आणि 2014 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. योग्यच झालं.