डिव्होर्सचं अ‍ॅग्रीमेंट बदलून आठ महिने झाले (न्यू जर्सी), खरा अनुभव

आधीच सांगते, आम्ही दोघी बायका. न्यू जर्सीत 2013 च्या ऑक्टोबरपासून असं लग्न करता येतं, आमचं इथेच झालं आणि मोडलंही इथेच. लेक सात वर्षांची, मी आई आणि ती ममा. जन्म ममाने दिला, मी कोर्टातून रीतसर दत्तक घेतलं.

डिव्होर्स शांतपणे झाला, मग माझा लेऑफ झाला. एक्स भली आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाली जमेल तेवढे दे, वर अंगठा. मी चार महिने चाइल्ड सपोर्टचे, म्हणजे लेकीच्या खर्चासाठी द्यायचे, निम्मेच पैसे थेट तिच्या अकाउंटला टाकत राहिले आणि निवांत बसले, तर प्रोबेशनच्या (हे पैसे गोळा करून हिशेब ठेवणारं कोर्टाचं ऑफिस) खात्यात चारही महिन्यांचे पूर्ण पैसे थकलेले, कारण त्यांच्या हिशेबात मी काही भरलंच नव्हतं. मग कळलं की रक्कम कमी करायची असेल तर साधारणपणे कोर्टात अर्ज टाकलेल्या तारखेपासूनच होते, मागचं माफ होत नाही. त्यामुळे नोकरी गेली की त्याच आठवड्यात हालचाल करा, आपापसात ठरलंय म्हणून थांबू नका.

नवी नोकरी मिळाली पण पगार कमी आणि आठवड्यातून तीन दिवस फिलाडेल्फियाला ऑफिस, म्हणजे लेक माझ्याकडे राहायच्या रात्रीही बदलायच्या होत्या. वकिलाने भांडायची मोशन, म्हणजे कोर्टात अर्ज, सुचवली, आम्ही मेडिएटरकडे, म्हणजे समझोता घडवणाऱ्या मध्यस्थाकडे, गेलो. उत्पन्न-खर्चाचा फॉर्म नव्याने भरावा लागतो आणि डिव्होर्सच्या वेळचाही जोडावा लागतो, माझा जुना सापडला गॅरेजमध्ये आकाशकंदिलाच्या खोक्याखाली. सपोर्टचं गणित रात्रींवर चालतं, आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला 104, त्याच्या खाली गेलात तर हिशेबाचा तक्ताच वेगळा. मी मंगळवार-बुधवार सोडून शुक्रवार-शनिवार घेतले, 104 वर टिकले. चार महिन्यांत दिलेले पैसे तिने मान्य केले, उरलेले मी हप्त्याने फेडतेय. दोघींच्या सह्या, मग जजची सही, आमचं सुनावणीशिवाय झालं. घराच्या वाटणीला हात लावता येईल का विचारलं होतं, भाव वाढलेत ना, तर सरळ नाही, ती एकदा झाली की झाली.

खरं डोकं खाल्लं इंडियाच्या कलमाने. माझी आई पुण्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, लेकीला उन्हाळ्यात न्यायचं होतं. एक्सचा वकील म्हणे मूल परत पाठवायच्या हेग करारात इंडिया नाही, उद्या ही परत आलीच नाही तर? राग आला, पण चुकीचं बोलत नव्हता. त्यात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता दिली नाही, म्हणजे तिकडे ममा कागदोपत्री माझी कोणीच नव्हती आणि नाही. शेवटी ठरलं: रिटर्न तिकीट आणि पुण्याचा पत्ता 60 दिवस आधी ईमेलने, रोज एक व्हिडिओ कॉल. दत्तकाचा आदेश मात्र जपून ठेवा, नुसत्या बर्थ सर्टिफिकेटवर विसंबू नका. 2016 मध्ये इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सुप्रीम कोर्टाने एका राज्यातलं अशा आईचं दत्तक दुसऱ्या राज्याला मानायला लावलं, म्हणून मी तरी त्याच कागदाच्या भरवशावर आहे.

रेटिंग? पाचपैकी साडेतीन. पैशांचा भाग चोख चालतो, पगारातून आपोआप कापले जातात, बोलावंच लागत नाही. दीड स्टार कापला तो "सोयीस्कर वेळी फोन" या शब्दांसाठी. तिची सोय संध्याकाळी सात, आमचं नेमकं वरणभाताचं ताट वाढलेलं, लेक एका हाताने फोन धरून जेवते आणि वरण कीबोर्डवर. सरळ साडेसात लिहून घ्यायला हवं होतं. बर्फामुळे शाळा बंद पडली तर त्या दिवशी कोणाकडे, हेही लिहायचं राहिलं, जानेवारीत दोनदा वाजलं त्यावरून.

जुलैची तिकिटं काढलीत, ईमेल 63 दिवस आधी गेला. उत्तर आलं, मिळालं, आजीचा फ्लॅट नंबर राहिलाय तो पाठव.