परभणीत स्वतःसाठी स्कर्ट शिवून घेतला, चार महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, लुंगी नाही, धोतर नाही, स्कर्टच. नेफा, नाडी, मागं प्लेट्स, दोन खिसे. आमच्या परभणीतल्याच एका लेडीज टेलरकडं शिवला. नाव टाकत नाही कारण खाली तक्रार बी करणार आहे आणि परत त्याच्याकडंच जायचंय.

फॅशनबिशन काही नव्हतं डोक्यात. एप्रिलमध्ये जांघेत गजकर्ण झालं, आता परभणीचा उन्हाळा सांगायला नको, मे महिन्यात 42-43 म्हणजे नेहमीचंच, त्यात दिवसभर जीन्स घालून गाडीवर. स्किनच्या डॉक्टरनी क्रीम दिलं आणि म्हणाले सैल सुती घाला, हवा लागू द्या. लुंगी घालून बघितली, पण आपल्याला ती गाठच जमत नाही, सिलेंडर आत घेताना सुटली आणि सिलेंडरवाला समोर उभा. बरमुडा आखूड असला तरी जांघेत घासतोच. मग एका रात्री झोप येईना म्हणून किल्टचे, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात त्या स्कर्टचे, व्हिडिओ बघत बसलो. हा किल्ट पुढून सपाट असतो, पदरावर पदर, आणि सगळ्या चुण्या मागं. भारी किल्टला 8 यार्ड लोकरी कापड जातं म्हणजे सात मीटरच्या वर, आणि खिसे नसतात म्हणून कमरेला पुढं चामड्याची पिशवी लटकवतात. लोकर परभणीत घातली तर माणूस वाफेवर शिजंल, पण कटिंग डोक्यात बसली.

कापड नांदेडहून आणलं, खादी, तिथल्या खादीचा तिरंगा होतो म्हणून नाव आहेच. राखाडी रंग, 3 मीटर.

जेंट्स टेलरनं तर ऐकूनच घेतलं नाही, "पॅन्ट सांगा ना साहेब" एवढंच. मग लेडीजवाल्याकडं गेलो. मास्तरनी टेप गळ्यातून काढत विचारलं, "वहिनींचं माप आणलंय का?" मी म्हणलो माझंच घ्या. ब्लाउज टाकायला आलेल्या दोन बायका एकदम फॉलचा रंग मॅच करण्यात गुंग झाल्या. मास्तर दोन सेकंद थांबले, मग टेप माझ्या कमरेला लावली, "छत्तीस. घेर किती ठेवू?" जाताना फक्त एवढं विचारलं, नाटकासाठी आहे का. नाही, घरी घालायला. "बरं." ह्या एका "बरं"ला पाचपैकी पाच.

शिलाई 450 घेतली. काम चांगलंय. प्लेट्स इंचभर रुंदीच्या, आणि वरून चार बोटं टीप मारून बसवल्यात त्यामुळं कमरेवर फुगत नाहीत, ढेरी असली तरी. नेफ्यात मागच्या बाजूला इलॅस्टिक आणि पुढं नाडी, जेवण झालं की ढिली करायची. उंची गुडघ्याखाली. पाट मांडून जेवायला बसलं तरी सगळं झाकलेलं राहतं, हे मी मुद्दाम दोनदा बसून तपासलं.

आता तक्रार. खिसे! मोबाईल ठेवला तर अर्धा बाहेर लटकतो. बायकोला दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "आता कळलं?" आमची सगळ्यांची पंधरा वर्षं हिच्या पर्समध्ये स्वतःचं पाकीट टाकण्यात गेली, त्यामुळं गप बसलो. दुसरं म्हणजे कापड आधी भिजवून द्यायचं मी विसरलो आणि मास्तरनी बी विचारलं नाही, पहिल्याच धुण्यात दीड इंच वर गेला. आणि गाडीवर घालू नका, वसमत रोडला मागून ट्रक गेला तेव्हा काय झालं ते इथं लिहीत नाही.

घरच्यांचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस मी फक्त बेडरूममध्ये घालायचो. मग रात्री गच्चीवर. आई काही बोलली नाही पण धुतल्यावर तो दोरीवर स्वतःच्या साडीच्या आडोशाला वाळत घालायची, म्हणजे शेजारच्यांना दिसला तरी तिचाच परकर वाटावा. अण्णा माझ्याशी थेट बोलतच नाहीत अशा बाबतीत, आईमार्फत निरोप यायचा, "त्याला म्हणावं पाहुणे यायलेत, पॅन्ट घाल." मी बी गुपचूप घालायचो. आणि कोणी विचारलं की डॉक्टरांनी सांगितलंय हे उत्तर तयार. ते उत्तर लई कामाचं होतं कारण आजारी माणसाला काहीच म्हणत नाहीत आपल्याकडं.

गजकर्ण जूनमध्ये बरं झालं. स्कर्ट चालूच राहिला, तेव्हा खरी पंचाईत.

मग आषाढात एक दिवस दारात पोतराज आला. कडकलक्ष्मीचं ढोलकं ऐकून आईनं मला सुपात जोंधळे देऊन पुढं पाठवलं, मी दार उघडलं, तर तो खणांच्या चिंध्याचिंध्यांच्या घागऱ्यात, पायात घुंगरं, आणि मी राखाडी खादीत. गल्लीतली पोरं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं. त्यानं आसूड खांद्यावर टाकला, जोंधळे झोळीत घेतले आणि माझ्या घेराची कड दोन बोटांत धरून बघितली. "खाली काठ लावून घ्या मालक, नायतर विरतंय." बस, पुढच्या दाराला गेला. मागं अण्णा पेपर वाचत होते, पेपर थरथरत होता. माणूस हसायलाय हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

त्याच आठवड्यात मामा आले, आणि निरोप काही आला नाही. मी आतल्या खोलीत वाट बघत बसलो, मग तसाच चहा घेऊन बाहेर गेलो. मामांनी बघितलं, म्हणले "गार वाटत असंल," आणि सोयाबीनच्या भावावर गेले. किराणावाल्यानं विचारलं तेव्हा पण डॉक्टरचं नाव न घेता म्हणलो, बरं वाटतं म्हणून घालतो. त्यानं साखर तोलली. आता स्कर्ट पुढच्या दोरीवर असतो, चिमटे लावून. ऑफिसला नेत नाही, सासरी तर अजिबात नाही, तिथले मेहुणे दाजी दाजी करत व्हिडिओ काढतील.

दुसरा टाकलाय परवा. कापड भिजवून दिलं, खिशासाठी जुनी पॅन्ट नेऊन दाखवली की एवढा खोल पाहिजे, आणि काठाचं सांगितल्यावर मास्तरनी खालून आतल्या बाजूनं साडीचा फॉल लावायचं सुचवलं, 60 रुपये जास्तीचे.

पाचपैकी चार, एक खिशाचा कापला. दिवाळीच्या आधी महिनाभर जाऊ नका, ब्लाउजांचा ढीग असतो, आपला नंबर लागत नाही.