थर्मल वॉटर स्प्रे: काही महिने वापरून झाल्यावर

थर्मल वॉटर म्हणजे चेहऱ्यावर फवारायचं, कॅनमध्ये भरलेलं खनिज झऱ्याचं पाणी. त्याने कोरडी त्वचा मऊ होते म्हणून कुणी घेत असेल तर थांबा. आग, चुरचुर, खाज यांवर त्याचा उपयोग होतो, हे मी खात्रीने सांगेन. कोरडेपणा मात्र त्यावर लावलेल्या क्रीमनेच जातो.

माझी त्वचा मुळात कोरडी. त्यात मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रेटिनॉइन हे रात्री लावायचं मलम सुरू केलं आणि नाकाच्या कडेला, हनुवटीवर पापुद्रे सुटायला लागले. गाल लालसर, आणि एरवी निमूट बसणारं साधं मॉइश्चरायझरही झोंबायला लागलं. तेव्हा पहिला कॅन आणला.

कॅनमध्ये झऱ्याचं पाणी असतं आणि ते बाहेर ढकलायला नायट्रोजन. सुगंध नाही, प्रिझर्वेटिव्ह नाही. पाणी निर्जंतुक भरलेलं असतं आणि बाहेरची हवा आत जात नाही, म्हणून प्रिझर्वेटिव्हशिवाय भागतं. घरच्या स्प्रेच्या बाटलीत पाणी भरून ते आठवडेच्या आठवडे वापरायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. चिडलेल्या त्वचेवर जंतू फवारायची हौस कशाला?

फवारा बसला की आग पटकन उतरते. बराचसा गुण थंडाव्याचा आहे: पाणी उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. पण तसंच वाळू दिलं तर थोड्याच वेळात गाल ओढल्यासारखे होतात, हसलं तरी कातडी ताणली जाते. म्हणून माझी पद्धत अशी. चेहरा धुऊन वीतभर अंतरावरून फवारा, दोनेक मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग मऊ सुती कापडाने टिपायचं. टिपायचं, पुसायचं नाही. पुसलं की पापुद्रे उचलले जातात आणि खालची लाल कातडी उघडी पडते. थोडा ओलसरपणा असतानाच सिरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरिनचं क्रीम. रात्री ट्रेटिनॉइन असेल तर क्रीम मुरून चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबते, कारण ओल्या त्वचेवर ते जास्त चावतं.

साधं पाणी चाललं नसतं का, हा प्रश्न डोक्यात होताच. म्हणून काही दिवस एका गालावर स्प्रे आणि दुसऱ्यावर उकळून गार केलेलं पाणी कापसाने, वर दोन्हीकडे तेच क्रीम. लावताना स्प्रेचा गाल सुखावला, कारण त्याला हात लागलाच नव्हता. सकाळी आरशात दोन्ही गाल सारखेच. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण खिशाला हात घालण्याआधी मला एवढं पुरलं.

सगळी थर्मल पाणी एकसारखी नसतात, हेही वापरताना कळलं. आवेन, ला रोश-पोझे आणि उरियाज हे तिन्ही फ्रेंच ब्रँड. आवेनचं पाणी दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-ओदील झऱ्याचं. लिटरमागे जेमतेम २०० मिलिग्रॅम क्षार. ला रोश-पोझेच्या पाण्यात सेलेनियम हे खनिज असतं, त्याचीच जाहिरात जास्त. आल्प्सच्या पायथ्याचं उरियाज अगदी वेगळं, लिटरला सुमारे ११ ग्रॅम क्षार, म्हणून ते न टिपता वाळू द्यायला सांगतात. हा फरक मला चष्म्याच्या काचेवर दिसला. आवेनचे थेंब वाळले तर काच जवळपास स्वच्छ, उरियाजचे वाळले की बारीक पांढरे ठिपके. माझ्या गालांना कमी क्षारांचं पाणी मानवलं. दुसऱ्या कुणाला उलटही वाटेल.

आवेनच्या झऱ्याची आख्यायिका मजेशीर आहे. १७३६ च्या सुमारास एका मार्क्वीचा (फ्रेंच सरदाराचा) खाजेने हैराण झालेला घोडा त्या पाण्यात डुंबून बरा झाला म्हणे. १७४३ मध्ये तिथे स्नानगृह सुरू झालं आणि आजही एक्झिमाचे, सोरायसिसचे रुग्ण तीन आठवड्यांच्या उपचारांसाठी तिथे जातात. पण तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज अंघोळी, धारा, लेप असं सगळं चालतं. त्या उपचारांचं पुण्य बाथरूममधल्या चार फवाऱ्यांच्या खात्यावर मांडणं मला पटत नाही. शिवाय या पाण्यांवरचे बरेच अभ्यास विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशातून झालेले असतात.

स्प्रेचा मला खरा फायदा झाला तो खाजवणं थांबायला. खाज सुटली की हात गालाकडे जायच्या आधी फवारा. नखं लागली नाहीत, त्यामुळे ओरखडे नाहीत, की त्यांचे काळे डाग नाहीत. वॅक्सिंगनंतरही हातापायांवर छान वाटतं. फुटलेल्या, पाणी सुटणाऱ्या त्वचेवर मात्र प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावं.

तक्रार एकच, एका कॅनच्या नोझलची. अर्ध्यावर आल्यावर धुक्याऐवजी पिचकारी उडायला लागली, आणि पिचकारीच हवी असेल तर नळ काय वाईट? आता छोटा कॅन घेते. ट्रेटिनॉइन अंगवळणी पडल्यापासून तोही बरेच दिवस पुरतो. दाबाखालचा असल्याने उन्हात तापलेल्या गाडीत मात्र ठेवत नाही.