मायक्रोवेव्हची तीन वर्षे आणि एक दुर्लक्षित बटण

गेली तीन वर्षे आमच्या स्वयंपाकघरात २३ लिटरचा, ८०० वॉट क्षमतेचा, ग्रिल आणि कन्व्हेक्शन नसलेला साधा मायक्रोवेव्ह आहे आणि दिवसातून निदान चार-पाच वेळा तो वापरला जातो. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष या वर्गातल्या बहुतेक यंत्रांना थोड्याफार फरकाने लागू पडतात. विकत घेताना मला पॅनेलवरच्या तीस ‘ऑटो’ पदार्थांच्या यादीची भुरळ पडली होती. त्या तिसांपैकी आजवर दोनच वापरले गेले. ज्या बटणामुळे यंत्राचा खरा उपयोग कळला, ते मात्र पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पॉवर’ असे लिहिलेले आहे आणि माहितीपुस्तिकेत त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धे पान आले आहे.

पहिले सहा महिने आम्ही सगळेच सगळे काही पूर्ण शक्तीवर गरम करत होतो. परिणाम ठरलेला असे: वाडग्याच्या कडेचे अन्न चटका बसेल इतके तापलेले आणि मधला घास गार. दोष यंत्राचा असावा अशी माझी समजूत होती, म्हणून एकदा फिरती थाळी आणि तिच्याखालचे चाक काढून, सपाट बशीत चॉकलेटची वडी ठेवली आणि वीस-पंचवीस सेकंद यंत्र चालवले. वडी सगळीकडून मऊ न होता तिच्यावर वितळलेले दोन-तीन ठिपके उमटले आणि त्यांच्यामधले अंतर सुमारे सहा सेंटिमीटर भरले. घरगुती मायक्रोवेव्हमधल्या लहरींची वारंवारता साधारण २,४५० मेगाहर्ट्झ आणि तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. धातूच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागी जोरकस होतात, तर काही जागी जवळजवळ नाहीशा होतात, आणि अशा दोन जोरकस जागांमधले अंतर बहुधा अर्ध्या तरंगलांबीइतके असते. थाळी फिरते ती याचसाठी. मात्र थाळीचा मध्यबिंदू फिरूनही जागच्या जागीच राहतो, म्हणून भांडे मधोमध ठेवण्यापेक्षा किंचित कडेला ठेवलेले बरे, आणि बटाट्यासारखे सुटे तुकडे असतील तर मधली जागा मोकळी सोडून ते गोलाकार मांडावेत.

दुसरे असे की, या लहरी अन्नाला ‘आतून बाहेर’ शिजवतात ही समजूत चुकीची आहे. बहुतेक पाणीदार पदार्थांत त्या एक-दोन सेंटिमीटर शिरेपर्यंतच त्यांचा बराचसा जोर संपतो आणि त्यापुढची उष्णता अन्नातून हळूहळू, नेहमीच्याच वाटेने सरकते. या सरकण्याला वेळ द्यायचा असेल, तर शक्ती कमी करून वेळ वाढवणे हा एकच सरळ उपाय आहे. दोन मिनिटे पूर्ण शक्तीवर तापवलेल्या भातापेक्षा, पाण्याचा हबका मारून, सैल झाकण ठेवून, चार मिनिटे निम्म्या शक्तीवर तापवलेला भात इतका वेगळा लागतो की घरातल्यांनी ‘नवीन केलास का?’ असे विचारले होते.

आता हे निम्मे म्हणजे नेमके काय, ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. माझे यंत्र ५० टक्क्यांवर लावले की सुमारे पंधरा सेकंद भरीव घुमघुम ऐकू येते, मग एक खटका पडतो आणि पुढचे पंधरा सेकंद नुसता पंखा फिरत राहतो. म्हणजे लहरी निम्म्या जोराने येतच नाहीत; पूर्ण जोराने येतात आणि निम्मा वेळ बंद राहतात. लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन हा मूळचा रडारसाठी विकसित झालेला भाग आहे. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांना अशाच यंत्रणेजवळ काम करताना खिशातले खाद्य वितळल्याचे जाणवले आणि तिथून हे स्वयंपाकाचे यंत्र निघाले, असे सांगतात. साध्या यंत्रातला वीजपुरवठा त्या मॅग्नेट्रॉनला एक तर पूर्ण चालवतो किंवा पूर्ण बंद ठेवतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, माझ्या यंत्रावर वीस सेकंदांसाठी ५० टक्के शक्ती निवडणे निरर्थक आहे, कारण त्या वीस सेकंदांतली पहिली पंधरा पूर्ण जोराचीच असतात. लोणी किंवा चॉकलेट वितळवताना हा फरक फार जाणवतो. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात शक्ती खरोखरच कमी-जास्त करता येते, आणि पुन्हा खरेदी करायची वेळ आली तर मी तीस ऑटो पदार्थ सोडून त्या एका गोष्टीसाठी जादा पैसे मोजेन.

शक्तीचा आकडा खरा आहे का, हे घरी तपासता येते. एक लिटर पाणी मोठ्या काचेच्या भांड्यात घेऊन, ढवळून त्याचे तापमान मोजावे, दोन मिनिटे पूर्ण शक्तीवर तापवावे, पुन्हा ढवळून मोजावे आणि जितके अंश सेल्सियस वाढले त्याला ३५ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पाण्यापर्यंत पोहोचलेले वॉट. माझ्याकडे २१ अंशांची वाढ झाली, म्हणजे ७३५ वॉट. भांड्याने आणि हवेने घेतलेली उष्णता जमेस धरली तर ८०० चा दावा मला मान्य आहे. खोक्यावर दुसरीकडे छापलेला १,२०० वॉटचा आकडा हा विजेच्या खपाचा असतो, आणि विक्रेते पुष्कळदा तोच मोठ्याने सांगतात. तयार अन्नाच्या पाकिटावरची वेळ १,००० वॉटसाठी लिहिलेली असेल, तर ८०० वॉटच्या यंत्रात ती सव्वापट धरावी लागते.

गोठलेले अन्न सोडवण्याच्या कामात या यंत्राला मी काठावर उत्तीर्ण करेन. बर्फ या लहरी फारच थोड्या शोषतो आणि पाणी भरपूर शोषते, त्यामुळे जिथे पहिला थेंब वितळतो तिथेच पुढची सगळी उष्णता धाव घेते आणि एक कोपरा शिजू लागला तरी गाभा दगडासारखा राहतो. वजन टाकून चालणारी ‘डीफ्रॉस्ट’ची सोय मध्ये थांबून तुकडा उलटायची आठवण करते, हे चांगले आहे, पण ती आठवण न ऐकता निघून गेलात तर पदरी काही पडत नाही. शेवटची पाच मिनिटे यंत्र बंद ठेवून तुकडा तसाच राहू देणे सर्वांत परिणामकारक ठरते. हाच विसावा उरलेल्या अन्नालाही लागतो, कारण ते सगळीकडे ७४ अंशांपर्यंत पोहोचायला हवे, आणि वरून येणारी वाफ पाहून मधल्या भागाची खात्री देता येत नाही. पाककलेचा साधा तापमापक मी यंत्राशेजारीच ठेवला आहे.

भांड्यांविषयी पुस्तिका भरपूर बोलते, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. सोनेरी किनारीची बशी, अणकुचीदार कडांची धातूची वस्तू आणि चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद ठिणग्या देतात. मेलामाइनची भांडी चिनी मातीसारखी दिसत असली तरी स्वतःच तापतात, म्हणून ती बाहेरच ठेवावीत. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शब्दांचा भर मुख्यतः भांडे वितळणार किंवा वाकणार नाही यावर असतो, हे लक्षात आल्यापासून तेलकट आणि फार गरम होणारे अन्न मी काचेतच तापवतो. अनोळखी चिनी मातीचे भांडे आले की ते रिकामे ठेवून शेजारी कपभर पाणी ठेवावे आणि एक मिनिट चालवावे. पाणी तापून भांडे गारच राहिले तर ते चालते. पाण्याचा कप विसरू नये, कारण शोषायला काहीच नसलेले रिकामे यंत्र चालवणे मॅग्नेट्रॉनला घातक ठरू शकते.

ज्या धोक्याबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे, तो मात्र मी डोळ्यांनी पाहिला. गुळगुळीत काचेच्या मगात तीन मिनिटे तापवलेले पाणी अगदी शांत होते, एक बुडबुडा नव्हता. त्यात कॉफीची पूड टाकताक्षणी निम्मे पाणी उसळून ओट्यावर आले. मगाचा दांडा धरून तो हाताच्या अंतरावर ठेवला होता म्हणून निभावले. बुडबुडे धरायला खडबडीत जागा नसली की पाणी उकळबिंदूच्या वर जाऊनही स्थिर राहते आणि जरासा धक्का मिळताच एकदम वाफ होते. आता पाणी तापवायच्या आधीच मी मगात लाकडी काडी ठेवतो आणि झाल्यावर अर्धा मिनिट दार उघडत नाही. अंड्याचेही असेच आहे: सोललेले उकडलेले अंडेसुद्धा तापवल्यावर दाताखाली फुटू शकते, तेव्हा ते कापल्याशिवाय आत ठेवूच नये. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली यात तापवू नये, कारण बाटली हाताला कोमट लागली तरी दुधात मध्येच कढत थर असू शकतो.

दाराची बनावट ही या यंत्राची सर्वांत जमेची बाजू आहे. दार थोडे जरी सुटले तरी दुहेरी खटका लहरी तत्काळ बंद करतो, आणि काचेमागच्या जाळीची छिद्रे बारा सेंटिमीटरच्या लहरीसमोर इतकी बारीक आहेत की प्रकाश बाहेर येतो पण लहरी आतच राहतात. गळतीची प्रचलित मर्यादा पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॉट अशी आहे, आणि दोन पावले मागे सरल्यावर त्यातलेही नगण्यच उरते. यंत्र चालू असताना शेजारच्या खोलीतला व्हिडिओ अडखळतो, कारण वाय-फाय बहुधा त्याच वारंवारतेच्या पट्ट्यात चालते आणि त्याचे संदेश पकडणारे भाग अतिशय संवेदनशील असतात. त्यावरून घाबरायचे कारण नाही. आत मोबाईल ठेवून तो वाजतो का पाहण्याची चाचणीही त्याच कारणाने निरुपयोगी आहे. दार वाकले, बिजागरी सैल झाली किंवा कडेच्या पट्टीत अन्न साचून दार नीट बसेनासे झाले, तर मात्र यंत्र वापरू नये.

माझी खरी तक्रार विक्रीनंतरच्या सेवेबद्दल आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका संध्याकाळी सूप तापवताना उजव्या भिंतीतून तडतड आवाज आला आणि पिवळट ठिणग्या उडू लागल्या. मी लगेच प्लग काढला. घरी आलेल्या दुरुस्ती करणाऱ्याने आत डोकावून न पाहताच मॅग्नेट्रॉन गेल्याचे सांगितले आणि नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात लहरी ज्या खिडकीतून आत येतात, तिच्यावरच्या अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर तेलाचे शिंतोडे जळून काळा डाग पडला होता आणि तिथे एक भोक झाले होते. माझ्या यंत्रात तो पत्रा आतूनच एका स्क्रूने धरलेला आहे, त्यामुळे त्याच मापाचा नवा बसवायला दहा मिनिटे पुरली आणि तेव्हापासून यंत्र विनातक्रार चालू आहे. बाहेरचे आवरण मात्र कोणी घरी उघडू नये. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, काही हजार व्होल्टची वीज धरून असतो आणि प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो. आता वाडगाभर पाण्यात लिंबाची फोड टाकून आठवड्यातून एकदा पाच मिनिटे वाफ करतो आणि ओल्या फडक्याने तो पत्रा हलकेच पुसून घेतो. पुस्तिकेच्या स्वच्छतेच्या पानावर थाळी, दार आणि बाहेरचा पत्रा यांचा उल्लेख आहे, अभ्रकाचा नाही.

राहिलेली कुरबूर घंटेची आहे. काम संपल्यावर ती पाच वेळा वाजते, दार उघडले नाही तर दर मिनिटाला पुन्हा वाजते, आणि ती बंद करायची सोय या यंत्रात नाही. त्यामुळे रात्री उशिरा दूध तापवायचे असेल, तर मी यंत्रासमोर उभा राहतो आणि आकडा एकवर आला की थांबवायचे बटण दाबतो.