उंदरांचं ईसीजी मशीन, एक वर्ष वापरून झाल्यावर

कंपनीचं नाव घेत नाही, सर्व्हिसवाल्याशी अजून रोज काम पडतं. 5 पैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा त्या सर्व्हिसवाल्याच्या स्वभावाला.

आधी आम्ही लॅबमधे माणसांचंच जुनं ईसीजी मशीन रॅटला लावायचो. रॅटचे ठोके मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास, कागद सेकंदाला 25 मिमी पळतो, म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम 4 मिमी, सगळं काट्याचं कुंपण. हे नवीन सेकंदाला 2000 सॅम्पल घेतं आणि पहिल्यांदा पी वेव्ह (ठोक्याच्या सुरुवातीची छोटी लाट) स्वच्छ दिसली तेव्हा खरंच मजा आली. माईससाठी (रॅटपेक्षा लहान उंदीर) तर हवंच, त्यांचा क्यूआरएस (ठोक्याचा मधला टोकदार भाग) 10 मिलिसेकंदांच्या आसपास असतो, 250 सॅम्पलवाल्या मशीनला त्यात दोन-तीनच ठिपके मिळणार, त्यावरून काय कपाळ मोजणार?

पहिला आठवडा मात्र स्क्रीनवर फक्त महावितरणच दिसत होतं. 50 हर्ट्झची जाड पट्टी, प्राणी कुठेच नाही. इंजिनीअर फोनवर म्हणे नॉच फिल्टर (तेवढेच 50 हर्ट्झ गाळणारा) चालू करा, केला, तर आर वेव्हची, म्हणजे क्यूआरएसच्या उंच टोकाची, उंचीच बदलली! शेवटी चोर सापडला, खालचा हीटिंग पॅड. तो काढूनही चालत नाही कारण केटामाइन-झायलाझिनची भूल दिली की प्राणी गार पडतो, झायलाझिनने ठोके आधीच उतरलेले असतात ते अजून उतरतात आणि तुम्ही ते चाचणीच्या औषधाचा इफेक्ट म्हणून लिहून मोकळे. आता आम्ही टेबलाला वेगळं अर्थिंग केलंय, आधी प्राणी गरम करतो आणि रेकॉर्डिंगच्या दोन मिनिटांपुरता पॅडचा प्लग काढतो, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खरा राग सॉफ्टवेअरवर आहे. रॅटला माणसासारखा सपाट एसटी सेगमेंट (क्यूआरएस आणि शेवटची टी वेव्ह यांच्या मधला भाग) जवळजवळ नसतोच, क्यूआरएस संपतो न संपतो तोच टी सुरू. आमचं सगळं काम आयसोप्रोटेरेनॉल मॉडेलवर (या औषधाने रॅटच्या हृदयाला मुद्दाम इजा करतात; 85 मिग्रॅ प्रति किलो, 24 तासांनी परत एकदा), म्हणजे एसटी वर गेला का हाच प्रश्न, आणि हे बाळ मार्कर मनाला येईल तिथे ठेवतं. क्यूटी म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा वेळ, आणि क्यूटीसी म्हणजे तोच ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला. क्यूटीसीला डिफॉल्ट बॅझेटचा फॉर्म्युला, जो माणसांच्या ठोक्यांसाठी बसवलेला. एका रॅटचा क्यूटी 70 मिलिसेकंद, दोन ठोक्यांतलं अंतर 160, आणि क्यूटीसी आला 175! म्हणजे पुढचा ठोका येऊन गेला तरी आधीचा चालूच. एका मुलीने असे आकडे थेट थीसिसमधे टाकले होते, गाइडने नशिबाने पाहिलं.

त्यामुळे आम्ही ऑटो ॲनालिसिस बंदच ठेवतो, रॉ डेटा एक्स्पोर्ट करून कर्सरने हाताने मोजतो, डोळे जातात पण आकडे खरे. घेणार असाल तर डेमोला सेव्ह केलेली फाइल बघू नका, इथिक्स कमिटीची मंजुरी आधी घेऊन तुमच्याच टेबलावर तुमच्याच रॅटवर लावायला सांगा. आणि त्यांच्या महागड्या नीडल इलेक्ट्रोडच्या मागे लागू नका, 26 नंबरची साधी सुई क्रोकोडाइल क्लिपला लावून आमचं मस्त चाललंय.