व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक एसडी: परदेशात खिशात बाळगण्याजोगा चाकू

चाकूचे परीक्षण म्हटले की पोलादाचा दर्जा, धार टिकण्याचा काळ आणि उघडलेल्या पात्याचा घट्टपणा यांची चर्चा अपेक्षित असते. परदेशप्रवासासाठी चाकू निवडताना मात्र हे सगळे निकष मागे पडतात, कारण तिथे पहिला प्रश्न असतो तो चाकू खिशात ठेवून त्या देशातील रस्त्यावर कायद्याने फिरता येते का, हा. या एका प्रश्नावर पारखायचे ठरवले, तर हौशी मंडळी ज्याला चाकू म्हणायलाही तयार नसतात तो व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ‘क्लासिक एसडी’ मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

मिटलेल्या स्थितीत तो ५८ मिलिमीटर लांबीचा असतो आणि वजनाला वीस-बावीस ग्रॅम भरतो. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे एक पाते, छोटी कात्री, टोकाला पेचकस असलेली नखांची कानस, मुठीत सरकवून ठेवलेले चिमटा आणि दातकोरणे, आणि किल्ल्या अडकवण्याची कडी एवढाच त्याचा संसार आहे. पात्यावरच्या खाचेत नख अडकवून ते ओढावे लागते, त्यासाठी दोन्ही हात लागतात आणि नखे बारीक कापलेली असतील तर थोडी खटपटही होते. पूर्ण उघडल्यावर पाते पाठीमागच्या पट्टीच्या ताणाने टक्कन जागेवर बसते. पण त्याच्या पाठीवर अंगठ्याने दाब दिला, की कोणतेही बटण न दाबता ते पुन्हा मिटू लागते. चाकूचा दर्दी याला उणीव म्हणेल. प्रवाशाच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

ब्रिटनचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. तिथल्या १९८८च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ने सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगण्यावर बंदी घातली आहे, मात्र मिटणाऱ्या खिशातल्या चाकूच्या पात्याची धार तीन इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसेल तर त्याला या बंदीतून सूट आहे. ही सूट वाचून पुष्कळ जण लांबी मोजतात आणि निश्चिंत होतात. परंतु उघडल्यावर लॉक होणारे, म्हणजे बटण किंवा खटका सरकवल्याशिवाय न मिटणारे पाते या कलमापुरते ‘मिटणारे’ धरलेच जात नाही, असा अर्थ तिथल्या न्यायालयाने १९९०च्या दशकातच लावलेला आहे. त्यामुळे दोन इंचांचा लॉक असलेला चाकूही सबळ कारणाशिवाय जवळ आढळला तर तो गुन्हा ठरतो, आणि त्याला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वसंरक्षण हे तिथे सबळ कारण मानले जात नाही. उलट, सूट असलेला छोटा चाकूसुद्धा कोणाला इजा करण्याच्या हेतूने बाळगला, तर ती सूट उपयोगी पडत नाही.

जर्मनीचा कायदा वेगळ्या बाजूने जातो. तिथल्या शस्त्रकायद्याच्या कलम ४२-अ नुसार एका हाताने उघडता येणारे आणि शिवाय लॉक होणारे पाते, तसेच १२ सेंटिमीटरपेक्षा लांब स्थिर (न मिटणारे) पाते, रास्त कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस हे नियम आणखी कडक झाले आणि सार्वजनिक उत्सव व दूरपल्ल्याच्या रेल्वेगाड्या यांसारख्या ठिकाणी चाकू बाळगण्यावर सरसकट बंधने आली. सहज हाती लागणार नाही अशा रीतीने बंद बॅगेत नेणे हा तिथे सुरक्षित मार्ग आहे. ‘क्लासिक’ एका हाताने उघडत नाही आणि लॉकही होत नाही, म्हणून कलम ४२-अ त्याला लागू होत नाही. उत्सवातल्या गर्दीत मात्र त्यालाही खिशात जागा नाही.

जपानमध्ये त्याच्या लहानपणाचाही पुरता उपयोग होत नाही. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते रास्त कारणाविना बाळगण्यास तिथला तलवार व बंदूक नियंत्रण कायदा मनाई करतो, आणि त्याहून लहान पाते लपवून बाळगले तर किरकोळ गुन्ह्यांचा कायदा पुढे येतो, ज्यात अल्प मुदतीची अटक किंवा दंड होऊ शकतो. ‘असू दे जवळ, कधीतरी लागेल’ हे उत्तर तिथे रास्त कारण ठरत नाही. माझ्या मते जपानला जाताना चाकू मुक्कामाच्या खोलीतल्या बॅगेतच राहू द्यावा. फ्रान्समध्येही चाकू बाळगण्यासाठी रास्त कारण लागते. ज्या देशात ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा चाकू घरोघरी दिसतो तिथे हे थोडे नवलाचे वाटते खरे.

ओपिनेलचाच विषय निघाला म्हणून सांगतो, त्याचा लोकप्रिय ‘आठ नंबर’ फळे आणि पाव कापण्यात क्लासिकपेक्षा कितीतरी सरस आहे. पण मुठीच्या तोंडाशी फिरणारी त्याची पोलादी कडी पाते जागेवर पक्के करते, आणि पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते, म्हणजे ब्रिटनच्या दोन्ही अटींवर तो नापास होतो. लेदरमनचे ‘वेव्ह प्लस’ हे बहुउपयोगी साधन हत्यारांच्या संचाच्या दृष्टीने उत्तम आहे, परंतु त्याचे पाते एका हाताने उघडते आणि लॉकही होते, म्हणून ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडे ते अडचणीचे. मोठे पातेच हवे असेल तर स्पायडर्कोचा ‘यूके पेननाइफ’ विचारात घ्यावा: तो ब्रिटिश कायदा समोर ठेवून तीन इंचांच्या आत आणि लॉकविना बनवलेला आहे. त्याचे रूप मात्र अंमळ आक्रमक आहे, आणि तपासणी करणाऱ्या पोलिसाच्या मनावर पहिला परिणाम रूपाचाच होतो, त्यामुळे कायदा आपल्या बाजूने असूनही समजावत बसण्याची वेळ येऊ शकते. लाल मुठीच्या क्लासिककडे पाहून सहसा कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

विमानाचे नियम हा निराळा विषय आहे, आणि देशाच्या कायद्याशी त्यांची गल्लत करू नये. युरोपीय संघाच्या नियमांत केबिनमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याला बंदी आहे. कॅनडाने २७ नोव्हेंबर २०१७पासून सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्यांना केबिनमध्ये परवानगी दिली, पण अमेरिकेला जाणारी विमाने त्यातून वगळली. अमेरिकेत २०१३ साली अशी सवलत जाहीर झाली होती. विमान कर्मचाऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर ती अमलात येण्यापूर्वीच मागे घेण्यात आली. कागदावर परवानगी असली तरी शेवटचा शब्द तपासणी अधिकाऱ्याचा असतो, आणि वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तर तिथे त्या विमानतळाचे नियम लागतात. म्हणून चाकू नेहमी चेक-इन सामानात, पाते मिटवून, एखाद्या डबीत किंवा कापडात गुंडाळून ठेवावा. केवळ केबिन बॅग घेऊन प्रवास करणाऱ्यांनी क्लासिक विकत घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

रोजच्या वापरात पात्याहून कात्रीच जास्त कामाला येते. गोळ्यांचे पाकीट, शर्टाचा सुटलेला धागा, नव्या कपड्याच्या लेबलची प्लॅस्टिकची दोरी, जखमेवरची पट्टी ही कामे ती सफाईने करते. तिची बारीक स्प्रिंग कालांतराने तुटू शकते. ती बदलता येते. पात्याने पार्सलची चिकटपट्टी आणि छोटे फळ कापता येते, पण जाड दोर किंवा कडक सालीचे कलिंगड यांच्यासमोर त्याने हात टेकलेच म्हणून समजा. लॉक नसल्याने टोचण्याचे किंवा खुपसण्याचे काम या पात्याकडून करून घेऊ नये, नाहीतर ते बोटांवर मिटते.

माझा खरा आक्षेप आहे तो त्या कडीला. ती किल्ल्यांच्या जुडग्यात सहज सामावते, चाकू जुडग्याचाच भाग होऊन जातो आणि विमानतळावर किल्ल्या ट्रेमध्ये पडल्यावरच त्याची आठवण होते. तोवर चेक-इनचे सामान पुढे गेलेले असते आणि चाकू तिथल्या डब्यात टाकून देण्यावाचून बहुधा गत्यंतर उरत नाही. क्लासिक घेतल्यास त्याला किल्ल्यांपासून दूर, चेक-इन बॅगेत जाणाऱ्या प्रसाधनाच्या पाऊचमध्ये कायमची जागा द्यावी.