वॉटर्सविना पिंक फ्लॉइड: १९८७चा अल्बम घ्यावा की १९९४चा?

मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स बाहेर पडल्यानंतरचा ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइड ऐकायचाय आणि एकच अल्बम घ्यायचा आहे, तर निवड दोघांत आहे: १९८७चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' आणि १९९४चा 'द डिव्हिजन बेल'.

समीक्षकांनी दोन्हींना बेताचेच गुण दिले. पहिल्याला रॉबर्ट क्रिस्टगाऊने 'सी' दिला. त्याची तक्रार कल्पनांच्या दुष्काळाची. खुद्द वॉटर्सने तर त्याला हुशारीने केलेली नक्कल ठरवलं. बँडच्या नावावरून त्याचं आणि उरलेल्या सदस्यांचं तेव्हा वकिलांमार्फत भांडण चालू होतं, तेव्हा तो शेरा किती मनावर घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. 'डिव्हिजन बेल'वरही गुळगुळीत, जुन्याच वाटेने जाणारा असे शेरे आले. लोकांनी कुणाचंच ऐकलं नाही. १९८७चा अल्बम ब्रिटन आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेला, १९९४चा दोन्हीकडे पहिल्या.

मला वाटतं, सगळे वॉटर्सच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत बसले. १९८७मध्ये जास्त खटकते ती दुसऱ्या दोघांची उणीव. ड्रमर निक मेसन बँडमध्ये होता, पण बरेचसे ड्रम्स जिम केल्टनर, कारमाइन अपीस अशा बाहेरच्या वादकांचे. बँडचा जुना कीबोर्डवादक रिचर्ड राइट उशिरा आला, तोही पगारी वादक म्हणून. 'सॉरो' नीट ऐका. बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मरची गिटार लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये बँडच्याच साउंड सिस्टिममधून वाजवून रेकॉर्ड केलेली, छातीत घुमते. आणि तिच्याखाली ड्रम मशीन! गिल्मरचा उत्तम सोलो अल्बम म्हणून ऐकलात तर निराशा होणार नाही.

'डिव्हिजन बेल'मध्ये राइट पुन्हा पूर्ण सहभागी आहे. पाच रचनांवर त्याचं नाव आहे आणि 'वेअरिंग द इनसाइड आउट' तो स्वतः गातो. १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'नंतर फ्लॉइडच्या अल्बमवर मुख्य आवाज म्हणून पहिल्यांदाच. 'मरून्ड' या वाद्यरचनेला ग्रॅमी मिळालं. मधली दोन-तीन गाणी रेंगाळतात, पण शेवटचं 'हाय होप्स', त्यातली घंटा आणि गिल्मरची लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार), यासाठी सगळं माफ.

म्हणून माझं मत 'डिव्हिजन बेल'ला. मात्र वॉटर्सच्या धारदार शब्दांसाठीच फ्लॉइड ऐकत असाल, तर या दोन्हींत ते सापडणार नाहीत. त्याचा १९९२चा 'अम्यूज्ड टू डेथ' घ्या; गिटारवर जेफ बेक आहे, त्यामुळे तिकडेही चैन आहे.

आणि तरीही 'मोमेंटरी लॅप्स'च हवा असेल, तर २०१९चं नवं मिक्स शोधा. त्यात मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले आहेत आणि राइटचे कीबोर्डही पुढे आणलेत. ऐंशीच्या दशकातला तो धाडधाड आवाज बराच उतरलाय. 'द डॉग्ज ऑफ वॉर' मात्र कुठल्याच मिक्समध्ये सुधारत नाही.